शिंदी न पिणाऱ्याची झोकांडी

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भैंसा गावच्या बाजारात कुणाचा तोल गेला की माझा हात अजून त्याला धरायला जातो. त्या उन्हाळ्यात तुमचे पाय असेच वाकडेतिकडे पडू लागले, जीभ जड झाली. आपल्या भाजीच्या दुकानापुढे लोक हसायचे, "काऊन हो बुवा, सकाळपासूनच शिंदी पेऊन राह्यले काय?" तुम्ही वांगी मांडत म्हणायचात, "तू पाजली असती तं याद राह्यली असती." मला मात्र शरमेनं वर बघवायचं नाही. मग हैदराबादला नेलं. डॉक्टरांनी सांगितलेलं मला अर्धंच कळलं. बिड्यांनी फुप्फुसात गाठ झालेली. तिच्याशी लढायला शरीरानं फौज उभी केली आणि ती चुकून मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागावरच तुटून पडली.

तेवढ्यात ताईच्या होणाऱ्या सासरहून निरोप आला. मुलीचा बाप पितो असं ऐकलं, सोयरिकीचा फेरविचार करावा लागेल. मामा म्हणाले, "भाऊजी, पेतो म्हना, सोडतो म्हना. क्यान्सरचं नाव काढलं तं पोरगी घरातच राहीन." मलाही मामांचंच पटलं.

तुम्ही ऐकलं नाही. आपण ताईच्या सासरच्या गावी, नेरडीगोंड्याला उतरतो, तुमचा हात माझ्या खांद्यावर, सारं गाव बघतंय आणि तुम्ही रस्त्याच्या मधोमध चालताय. ओसरीवर बसताच तुम्ही व्याह्यांपुढे तोंड उघडलंत. "वास घ्या, इवाईबुवा. बिडीचा येईन, शिंदीचा नाई. मले क्यान्सर हाये. पोरगी धडधाकट हाये. आता तुमी ठरवा."

 व्याही आत वळून ओरडले, "च्या टाका वो, इवाई आले!" आणि तुम्हाला म्हणाले, "कप अर्धाच भरतो, नाई तं माह्या धोतरावर सांडान." तुम्ही इतके हसलात की मीच घाबरलो. लग्नात तुम्ही खाटेवर बसून अक्षता टाकल्या. त्यातल्या निम्म्या भटजींच्याच अंगावर पडल्या. झोकांड्या खात चालणारा, पण इतका ताठ माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ताईलाही दाखवायचं नाही. पावसाळ्यापासून मला खोकला आहे, बाबा. तुमची सूनबाई विचारते तेव्हा मी म्हणतो, गिरणीतल्या कापसाची धूळ आहे.