काळपट पोळीची ओळ

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि मी चौथीत शाळा सोडली, तेव्हा हे पत्र कोण कोणाला वाचून दाखवणार ते देव जाणे. तरी लिहिते. तुझ्या तोंडी शोभेल असं एक वाक्य यंदा मोबाईलवर गावोगावच्या लोकांना दिसतंय, आणि ते पुढे मी आणलेलं नाही.

आपली फणसपोळी मी आता पालीच्या एसटी थांब्यावर टोपलीतून विकत नाही. माझ्या लेकीने मोबाईलवर आपलं पान उघडलंय. लोक घरबसल्या शोधतात, आपलं पान सापडलं की फोन करतात, पोळी कुरिअरने जाते. शोधल्यावर पानाच्या नावाखाली दोन ओळी येतात, दुकानाच्या पाटीसारख्या. त्या आपणच लिहून द्यायच्या. मी चार दिवस लेकीचं डोकं खाऊन लिहवून घेतलं, ‘अस्सल बरक्या फणसाची सोनेरी पोळी, रत्नागिरीतली एक नंबर.’ आणि यंदाच नेमकं मे महिन्यात आभाळ धरून राहिलं. फणसाच्या रसाची ताटं अंगणात ने, आत आण, असे आठ दिवस गेले. पोळी सुकली, पण काळवंडली. मग मन खाऊ लागलं म्हणून पानाच्या अगदी तळाशी एक ओळ टाकायला लावली, ‘पोळी उन्हातच वाळवली आहे, पण यंदा ऊन कमी पडलं, काळपट आहे. चव तीच.’ म्हटलं, एवढ्या खाली जाऊन कोण वाचतंय!

परवा मीच शोधून बघितलं, ‘उन्हात वाळवलेली फणसपोळी’. बघते तर आपल्या नावाखाली सोनेरी नाही नि एक नंबर नाही. तळातली ती काळपट ओळ वर येऊन बसलेली! माझं टाळकंच फिरलं. ही म्हणजे आपली पाटी काढून दुसऱ्यानेच भलती लावली. अजून अर्धा माल घरात पडलाय आणि जगाला पहिलं हेच दिसणार? लेकीला म्हटलं, “आत्ताच्या आत्ता काढ ती ओळ.”

“काढते,” ती म्हणाली, “पण आधी ऐक तरी. आपण लिहून देतो ती नुसती सुचवणी असते. दाखवायचं काय ते शोधणारं यंत्र ठरवतं. माणसाने विचारलं काय ते बघतं, आणि आपल्या ओळीत त्याचं उत्तर नसलं तर पानात शोधून जुळणारी ओळ उचलतं. तू विचारलंस उन्हाचं. तुझ्या सोनेरी ओळीत ऊन आहे कुठे? आपलं नाव टाकून शोध, तुझीच ओळ येईल.”

नाव टाकलं. आली.

आणि मी एकदम थांब्यावर जाऊन बसते बघ. मी नऊ-दहा वर्षांची, टोपलीमागे पत्र्याची पाटी, ‘ताजी फणसपोळी’. मला ती वाचता येते म्हणून कोण तोरा! एसटीतून उतरलेली बाई विचारते, “चिकट नाय ना गो?” मी छाती काढून सांगते, “ताजी फणसपोळी!” तू माझ्या पाठीत धपाटा घालतेस. “बायनं इचारलान काय, नि तू सांगतस काय?” मग तिच्याकडे वळून म्हणतेस, “वायच चिकट हाय, बाय. दोन दिवस उन्हात टाक.” खोट आधी, भाव मागनं, ही तुझी रीत. बाई घेवो न घेवो. पाटीकडे तू ढुंकून बघत नव्हतीस. तुझी पाटी गिऱ्हाईकागणिक बदलायची.

लेकीला म्हटलं, “राहू दे.”

“नक्की? फोन कमी येतील हां, आई.”

“येऊ देत कमी.”

काल कोल्हापूरहून एका बाईचा फोन. “काळपट लिहिलंय, म्हणजे जळकी का हो?” मी म्हटलं, “जळकी असती तर जळकी लिहिलं असतं.” बाई हसली. “दोन किलो पाठवा.” सगळा माल जाईल असं नाही. पण आये, आपण जे तळाला टाकलं तेच त्या यंत्राने वर काढलं, आणि मला लाज वाटली नाही. माझी मान ताठ झाली.

लेक म्हणते, हे पत्रही पानावर टाकूया. मी नको म्हटलं. कारण फक्त तुलाच सांगायचं एक राहिलंय. मी लहान असताना एकदा बाजारादिवशी एक बाई ओरडत परत आली होती बघ, पुडक्यात वर सोनेरी पोळ्या नि खाली काळ्या म्हणून. तू तिला म्हणालीस, “माज्याच हातनं झाला,” आणि सगळ्या बदलून दिल्यास. त्या काळ्या पोळ्या खाली मी दडवल्या होत्या. तुला ठाऊक असेलही. खोट आधी सांगायची, तू शिकवलंस. मी ती शेवटाला सांगतेय, तीही तू गेल्यावर.