तुझ्या नावाच्या आधी

प्रिय मनू,

परवा फोनवर तू विचारलंस, आई, माझ्या नावाचा अर्थ नेमका काय, पुढच्या महिन्यात येणाऱ्या बाळाला तशाच अर्थाचं नाव ठेवायचंय. मी म्हटलं, शिवणाचं गिऱ्हाईक आलंय, मग सांगते. गिऱ्हाईक कसलं डोंबलाचं! मशीनवर झाकण घालून नुसती बसले होते. तोंडाने सांगायला जमेना, म्हणून हे पत्र. तसं नाव ठेवू नकोस, एवढंच सांगायचंय, पण का ते सांगितल्याशिवाय तू ऐकायचा नाहीस.

तर ऐक. तुझं मनश्शे हे हिब्रू नाव, फार जुनं. भावांनी विकून टाकलेला एक मुलगा परक्या मुलखात गेला, न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात पडला आणि शेवटी तिथलाच मोठा अधिकारी झाला. त्याला पहिला मुलगा झाला तेव्हा तो म्हणाला, देवाने मला माझे सगळे कष्ट आणि बापाचं घरसुद्धा विसरायला लावलं. म्हणून मनश्शे, विसरायला लावणारा. पुढे याच नावाचा एक राजा झाला. शाळेत पोरं चिडवतात म्हणून तू रडत आलास, तेव्हा राजाचं नाव आहे रे, असं सांगून बाबांनी तुझी समजूत काढली होती. तो राजा किती वाईट निघाला, ते मात्र सोयीस्कर गाळलं.

तुझं नाव बाबांनीच ठेवलं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, एकदा मनाने घेतलं की घेतलं. मला विचारलंसुद्धा नाही. मीही गप्प बसले, कारण नावावरून आम्ही आधी एकदा पोटभर भांडून बसलो होतो.

मनू, तुझ्याआधी दोन वर्षं आम्हाला एक मुलगी झाली होती. तुझ्यापासून लपवायचं असं काही ठरवलं नव्हतं, नुसतं राहून गेलं आणि मग फार उशीर झाला. जावळ दाट, उजवा कान जरासा दुमडलेला. बाबांना त्यांच्या आईचं नाव हवं होतं, मला माझ्या मनातलं. दोघंही हट्टाला पेटलो. ती दुपट्यात हातपाय झाडत असायची आणि आम्ही तिच्या डोक्यावरून भांडत असायचो. सव्विसाव्या दिवशी सकाळी ताप आला, दुपारी ती गेली. दवाखान्यातल्या कारकुनाने नाव विचारलं. ते अजून ठरलंच नव्हतं. त्याने नुसतं 'मुलगी' असं लिहिलं.

मग तू आलास आणि बाबांनी विसरायला लावायचं काम तुझ्यावर सोपवलं. तुझा काय दोष रे! पण खिडकीतून तुला जेवायला हाक मारली की मला तीच आठवायची. काय विसरायचंय ते आधी आठवतंच ना? त्या अधिकाऱ्याचंही तसंच झालं असणार. शेवटच्या आजारपणात बाबा एकदाच म्हणाले, तेव्हा तुझं ऐकायला हवं होतं. कशाबद्दल ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

गेल्या वर्षी सातव्या महिन्यात तुमची मुलगी पोटातच गेली, तेव्हा मी सूनबाईला म्हणाले, विसर आता, दुसरं होईल. मी, जिला सगळं माहीत होतं, ती असं म्हणाले! तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. तिला सांग, आई माफी मागते. येणाऱ्या बाळाला कसलंही नाव ठेवा, कानाला गोड लागलं तरी पुरे, पण हे काम त्याच्या गळ्यात मारू नका. आणि त्याच्याआधी दोघं मिळून, न भांडता, तुमच्या त्या मुलीचं नाव ठेवा. ठरलं की मला लगेच कळव. माझी पहिली नात आहे ती, आणि तिला काय म्हणायचं तेच मला माहीत नाही.

तुझीच,
आई