तुझ्या वाचनाचा महिना

आई,

त्या मार्गशीर्षात तू वाचायचा सपाटा लावलास तेव्हा घरात कुणालाच काही वाटलं नाही. मला मात्र भीती वाटली, आणि कशाची ते सांगता येत नव्हतं. वाचायची आवड तुला पहिल्यापासून होती. पण मंगळवार पेठेतलं आपलं घर, आजोबांचं पथ्यपाणी, हातकणंगल्याची शाळा आणि तिथं जायला रोज सकाळी धरायची पॅसेंजर, यातून वर्तमानपत्रसुद्धा तुझ्या हाती शिळं होऊनच यायचं. आणि एके दिवशी तू वाचनालयातून बाबांच्या नावावर, माझ्याही नावावर पुस्तकं आणलीस, ओट्याच्या कडेला रचलीस आणि भाकरी थापता थापता सगळं ठरवून टाकलंस. नळाखाली पिंप भरेपर्यंत कविता, भात शिजेपर्यंत एखादी गोष्ट, आणि ती जाडजूड कादंबरी गाडीत, जाता-येता. "एवढ्या महिन्यात उरकायचंय सगळं," म्हणालीस. बाबा हसले. "का गं, परीक्षा हाय काय तुझी?" "व्हय की," तू म्हणालीस. आमचं हाय-न्हाय दुरुस्त करणारी तू, शाळेतली बाई. त्या दिवशी स्वतःच तसं बोललीस, आणि हसली मात्र नाहीस.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. तू चहा ओततेस आणि तो बशीच्या बाहेर सांडतो. स्वयंपाकघरातून येताना तुझा डावा खांदा चौकटीवर आपटतो, रोज त्याच जागी. मी डाव्या बाजूनं येऊन हाक मारली की तू दचकतेस. शेजारच्या काकू हळदीकुंकवाला बोलवायला आल्या तर तू चक्क "जमायचं नाही" म्हणालीस, आणि त्या पायऱ्या उतरायच्या आत पान उलटलंस. तू आनंदानं वाचत नव्हतीस, आई. आभाळ भरून आल्यावर बायका वाळवणं गोळा करतात तशी वाचत होतीस.

आमच्या शाळेला सुट्टी होती त्या दिवशी मी तुझ्याबरोबर हातकणंगल्याला आले. गाडीत तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. बोट ओळीवर होतं आणि मान थोडी तिरकी. स्टेशनात उतरल्यावर पलीकडं जायला सगळे रूळ ओलांडत होते, तसे आपणही निघालो. बाजूच्या रुळावर शंटिंग चाललं होतं आणि एक मालडबा इंजिनाशिवाय सोडून दिला होता. तो डावीकडून येत होता, अगदी संथ, जवळजवळ बिनआवाजी. मला वाटलं तुला दिसतोय. तू पाऊल पुढं टाकलंस. मी तुझा पदर धरून तुला मागं ओढलं, आणि डबा आपल्या अंगावर वारा सोडत पुढं गेला. कुणीतरी हमाल ओरडला, "ओ बाई, डोळं हायत का न्हाईत?"

तू खाली बसलीस, तिथंच, खडीवर. पुस्तक हातातच होतं. "ती बाजू गेली," म्हणालीस. मला समजेना. मग तू सांगितलंस: मिरजेच्या डॉक्टरांना तू एकटीच दाखवून आली होतीस. काचबिंदू. कडेकडेनं अंधार आत येणार, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही. ऑपरेशन करायचं म्हणत होते, आणि तू एक महिना मागून घेतला होतास. "पुढं काय होईल ते होईल. बाबांना मीच सांगेन. महिना संपू दे."

मी महिना संपू दिला नाही. त्याच संध्याकाळी बाबांना सांगितलं. बाबा ओरडले नाहीत, याचीच जास्त धास्ती वाटली. दुसऱ्या दिवशी ते तुला मिरजेला घेऊन गेले. ऑपरेशननंतर उजव्या डोळ्याची थोडी नजर काही वर्षं राहिली. मग तीही गेली. कादंबरी अर्धी राहिली होती, ती मी तुला ओट्याशी बसून वाचून दाखवली. तू ऐकलीस, पण मध्येच थांबवून विचारायचीस, "किती पानं राहिलीत?"

लग्न ठरल्यावर मी एकदा तुला विचारलं होतं. उजेड जाणार हे ठाऊक असताना तू आमच्याकडं का नाही बघितलंस? पुस्तकांकडंच का? तू माझ्या गालावरून हात फिरवलास आणि सहज म्हणालीस, "तुमची तोंडं मला पाठ होती गं. पुस्तकं कुठं पाठ होती?"

हे वाक्य मी सगळ्यांना सांगत आले. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. तुला म्हणून सांगते, आई, मला ते अजून पटलेलं नाही. त्या महिन्यात एकदा तरी तू पुस्तक बाजूला ठेवून माझ्याकडं नीट बघायला हवं होतंस.