अडीचच्या बांगड्या

जळगाव,
३ मे १९९३

प्रिय कोकिळा,

पत्र घरी न येता तुझ्या बालवाडीच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस. इकडे सगळे ठीक आहेत. अक्षर कुणाचं, हे ओळखायला मात्र तुला वेळ लागेल. शाळेत याच अक्षराला बक्षीस मिळालं होतं, आणि बक्षिसाच्या त्या कंपासपेटीत तू चिंचोके भरून ठेवले होतेस, ते मी अजून विसरलेले नाही. आता पेनाला चिंधी गुंडाळून जाड करावं लागतं, तेव्हा ते बोटांत राहतं. चार ओळी लिहायच्या, हात मांडीवर ठेवून बसायचं, परत लिहायचं. तुझे भाऊजी म्हणाले, तू सांग, मी लिहून देतो. पण हे पत्र माझ्याच हातचं असायला हवं होतं.

आखाजीच्या सणाला माहेरी आले तेव्हा तुझ्या लग्नाच्या तयारीच्या गडबडीत काही बोलता आलं नाही. घरात पाहुणे, दारात झोका, त्यात माय एकटीच खापरापाशी घामाघूम. आपल्या घरात मांडे करायला तिघी जणी असताना यंदा ती एकटी का, हे कुणी विचारलं नाही. मी पुरण वाटायच्या नावाखाली पाट्यापाशी बसले आणि वाटायला मात्र शेजारच्या ताईबाईला लावलं. माझ्या मांड्यातून पलीकडचं माणूस दिसतं असं आबा गावभर सांगायचे. आता कणकेचा गोळा हातावर घेतला तर मनगटातून कळ निघते, आणि ती खांद्यापर्यंत जाते. तू म्हणालीस, धुरानं डोळे चुरचुरतात, आणि बाहेर झोक्यावर जाऊन बसलीस. ते मी तेव्हा ऐकून सोडून दिलं.

मला संधिवात आहे एवढं तुला ठाऊक आहे. पण म्हाताऱ्या माणसांचे गुडघे धरतात, तो हा नव्हे. लग्नाला वर्ष झालं आणि सकाळी उठल्यावर बोटं मिटेनात, मिटली तर उघडेनात. भाकरी थापायला बसले की परातीतलं पीठ तसंच राहायचं. सासूबाईंना वाटलं, पोर आळशी आहे. त्यांचंही चुकलं नाही, कारण दुपारपर्यंत मी चांगली चालती-बोलती व्हायचे. नळ मनगटानं सोडायचा, पेला दोन्ही हातांनी धरायचा, जिन्याला कठडा असेल त्याच बाजूनं चढायचं, अशा युक्त्या मी शिकले. दुखणं लपवण्यात बायकांचा हात कोण धरणार. आपल्याला ते कुणी शिकवावंही लागत नाही.

मायला सांगितलं तेव्हा ती तापीकाठच्या त्या पुडीवाल्याकडे गेली. पितांबर कंडक्टरच्या हाती चिवड्याचा डबा यायचा, वर चिवडा आणि खाली कागदात बांधलेल्या पांढऱ्या पुड्या. डब्यात चिठ्ठी नसायची, पण पितांबर डबा देताना मायचा निरोप तिच्याच आवाजात सांगायचा, "बठ्ठं बरं व्हई जाई." आणि झालंही सगळं बरं. आठवडाभरात मी विहिरीवरून घागर आणली. त्या पुडीवाल्याच्या पाया पडायला जायचं मी ठरवलं होतं. गाल वर आले, अंग भरलं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, जळगावचं पाणी मानवलं हो. पुढच्या आखाजीला मायनं मला ओसरीत उभी करून सगळ्यांना दाखवलं होतं, तुला आठवत असेल. "पोर कशी भराई गयी, जवाईनी चांगली ठेयेल शे." ती इतकी आनंदात होती की माझ्या मनात शंका आली असती तरी मी ती बोलून दाखवली नसती.

दोन वर्षं असं चाललं. मग गेल्या दिवाळीत पितांबरची बदली झाली आणि डबा आला नाही. चौथ्या दिवशी मला अंथरुणावरून उठता येईना. उलट्या, चक्कर, आणि सगळे सांधे एकदम पेटलेले. तुझे भाऊजी मला उचलून दवाखान्यात घेऊन गेले. पुण्याहून दर शुक्रवारी एक सांध्यांचे डॉक्टर इथे येतात, त्यांनी माझ्या पिशवीतली रिकामी पुडी हुंगली, तपासायला पाठवली, हाताचे फोटो काढले. त्यांनी सांगितलं की हा आमवात आहे, यात अंग स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं. पुडीत सूज दाबायचं फार जालीम औषध होतं. ते दुखणं झाकतं, थांबवत नाही. वरून मी घागरी उचलत होते आणि आत हाडं झिजत होती. आणि गालांवर आलेलं ते बाळसं नव्हतं, त्या औषधाचीच सूज होती. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, पहिल्या वर्षी आला असतात तर बोटं सरळ राहिली असती. हे वाक्य मला आंघोळ करताना आठवतं, भाजी निवडताना आठवतं.

मग औषध कोणतं घ्यायचं ते ठरवायचं होतं. डॉक्टरांनी आधी सोन्याच्या इंजेक्शनांचं नाव काढलं. मायला भेटीत तेवढंच सांगितलं, तर तिनं गळ्यातली पोत काढून माझ्या पुढ्यात ठेवली. "मनी पोत लई जाय, पोरी." तिला वाटलं, डॉक्टर आपलंच सोनं वितळवून टोचतात. मी हसले, आणि मग मला हसवेना. ती इंजेक्शनं मला सोसलीच नाहीत, अंगावर चट्टे उठले. राहिली ती पिवळी गोळी. आठवड्यातून एकदाच घ्यायची, महिन्याला रक्त तपासायचं. आणि ती चालू असेपर्यंत मूल होऊ द्यायचं नाही. किती वर्षं, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

कोकी, हे मी मायलाही सांगितलेलं नाही. आम्ही दोघांनी पुष्कळ विचार केला. मी म्हणाले, आधी एक मूल होऊ दे, मग हातांचं काय व्हायचं ते होवो. तुझे भाऊजी म्हणाले, त्याला उचलून कोण घेईल? त्यांनी ते टोचायला विचारलं नव्हतं. पण त्यानंतर मी गोळीलाच हो म्हणाले. संक्रांतीनंतर सासूबाईंनी मला देवीला नेलं, माझी ओटी भरली, नारळ माझ्या पदरात घालून त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. त्याच आठवड्यात मी पहिली गोळी घेतली. त्या नारळाची बर्फी केली होती. माझ्या वाटची मी शेजारच्या पोराला दिली. अजूनही गल्लीत बारशाचं बोलावणं आलं की मी निरोप पाठवते, ताप आहे म्हणून.

आता रोज सकाळी सासूबाई देवपूजेला बसल्या की तुझे भाऊजी दार लोटून माझी वेणी घालतात. जिल्हा परिषदेतला माणूस, फाइलीला नाडी बांधल्यासारखी वेणी बांधतो. सैल असते, दुपारपर्यंत सुटते. गोळीनं सूज उतरतेय, पूर्वीइतकं दुखत नाही. पण वाकडी झालेली बोटं वाकडीच राहणार.

हे सगळं मी का लिहिलं, ते आता सांगते. आखाजीच्या आदल्या दिवशी भिकुबाई कासारीण आली तेव्हा मी ओसरीतच होते. कळायला लागल्यापासून तू सव्वादोनच्या बांगड्या भरतेस. तिनं नेहमीसारखा तुझा हात दाबला तेव्हा तू ओठ चावलास आणि अडीचच्या मागितल्यास. ती हसली, लग्नाआधीच नवरी भरली म्हणाली, आणि मायही हसली. मी हसले नाही, कारण तुझे गाल मला ओळखीचे वाटले. मग नळ तू मनगटानं सोडलास. तू पेला दोन्ही हातांनी धरलास. निघायच्या दिवशी देव्हाऱ्यामागे मला कागदात बांधलेल्या पुड्या दिसल्या, आणि दिवाळीपासून मी तर पुडी घेतलेली नाही. मायला बोल लावू नकोस. माझ्या वेळी पुडीनं काय केलं, ते मीच तिला धड सांगितलं नव्हतं. तिला वाटतं, मी बरी झाले होते, तूही होशील, आणि लग्न निर्विघ्न पार पडेल. तू मात्र ऐक. पुडी एकदम बंद करू नकोस, माझ्यासारखी पडशील. येत्या गुरुवारी बस्त्यासाठी सगळे जळगावला येणार आहेत, तेव्हा ताईकडे एक रात्र राहते म्हण आणि राहा. शुक्रवारी डॉक्टर असतात. तुझं दुखणं नवं आहे, तुझ्यापुढे अजून दोन-तीन वाटा असतील. माझ्यापुढे एकच उरली होती. लीलाधररावांना सांगायचं की नाही ते तू ठरव; पाचोऱ्याची तुझी होणारी सासरची माणसं कशी आहेत ते मला माहीत नाही, आणि सांगितलंस तर लग्न मोडणार नाही असं खोटं मी लिहिणार नाही. पण लग्न मोडलं तर दुसरं ठरतं, बोटांचं तसं नाही. मायनं माझ्या लग्नात घातलेल्या पाटल्या सव्वादोनच्या आहेत. त्या माझ्या हातात आता चढत नाहीत, साबण लावूनही नाही. मी त्या डब्यात घालून ठेवल्यात. गुरुवारी ये आणि शुक्रवारी माझ्याबरोबर चल, म्हणजे एक दिवस त्या तुझ्या हातात तरी चढतील.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
प्रमिलाताई