तिसरी फेरी

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

दोन महिने पत्र नाही, आधी माफ कर. तब्येत ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्या घेतात ना, की अजून उशीखाली लपवतात?

काल मतदान झालं. मी केंद्रावर यादी घेऊन बसलो होतो. दुपारी माझ्या यादीच्या भागातल्या एक इस्त्रीवाल्या मावशी कडक इस्त्रीचे कपडे घालून आल्या. त्यांच्या नावावर आडवी रेघ होती आणि पुढे शेरा: स्थलांतरित.

“अहो, मी कुठे गेले? तीस वर्षं त्याच खोलीत इस्त्री करतेय!”

रांगेतून कुणीतरी म्हणालं, “मावशी, भूत होऊन आलात की काय?” त्याही हसल्या. मग हळूच म्हणाल्या, “साहेब, जरा नीट बघा ना.”

मी नीट बघितलं. शेऱ्याखाली सही माझीच होती. उन्हाळ्यात मी मतदार यादीची घरोघर तपासणी केली, तेव्हा त्यांच्या दाराला दोनदा कुलूप होतं. नियमाने तिसऱ्यांदा जायला हवं. चार जिने होते. मी माझ्या खोलीवर बसूनच तिसऱ्या फेरीची तारीख भरली. आम्ही तपासणीवाले सगळेच भरतो.

“यादी वरूनच अशी आली,” मी म्हणालो.

“मग तुमचा काय दोष?” असं म्हणून त्या मत न देताच गेल्या.

अशा माझ्या सहीच्या एकेचाळीस रेघा आहेत, ताई. बाबांना हे वाचून दाखवू नकोस. माझं काम चोख असतं, असं ते सगळ्यांना सांगतात.

तुझा धाकटा

ता. क. उद्याचं काम: चार जिने चढून मावशींना सांगणे, सही माझी होती.