मशीनचा आवाज

वन्सं,

नमस्कार आतून येत नाही, म्हणून लिहीत नाही.

तुमचा भाचा सात वर्षांचा झाला, तरी त्याची मान सावरत नाही. भरवताना डोकं माझ्या दंडावर टेकवावं लागतं. आणि तुम्ही नात्यागोत्यात सांगत फिरता, "तिला जोरच लावता आला नाही."

माझं बाळंतपण तुम्हीच हौसेने तुमच्या दवाखान्यात केलंत. पोटावर पट्टा बांधून मी मशीनवर बाळाचे ठोके ऐकत पडले होते. मधेच ते मंदावले. मी म्हटलं, "वन्सं, ठोके हळू झालेत." तुम्ही म्हणालात, "पहिलटकरणींना सगळंच हळू वाटतं. डॉक्टर तू का मी?" आणि कटकट नको म्हणून मशीनचा आवाज बंद करून चहाला गेलात.

आता तुमच्या लेकीचे दिवस भरलेत. काल तिचा फोन आला, "मामी, मी दुसऱ्या दवाखान्यात नाव घातलंय, आत एकालाच सोडतात. माझ्याजवळ तूच थांब. आई नुसते हुकूम सोडते." मी हो म्हटलं. पोरीवर माझा राग नाही. तिच्या बाळाचा एकही ठोका मी कानाआड करणार नाही.

पण आवाज पूर्ण मोठा ठेवणार आहे, बाहेरच्या बाकापर्यंत येईल इतका. हे पत्र मी टाकणार नाही, नाहीतर तुम्ही तयारीने याल. तिथे बसून एकेक ठोका ऐका. न राहवून दार वाजवलंत, "हळू झालेत का गं?" म्हणालात, तर मी दार जरासं उघडून सांगेन, "पहिलटकरणीच्या आईला सगळंच हळू वाटतं."

जोर न लावणारी,
तुमची भावजय