मंगळागौरीतला उजवा डोळा

पुणे, १ ऑगस्ट १९६३

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत मी नापास झाले. परीक्षकांनी विचारले, की डोळ्यांतल्या नसा मेंदूत कशा जातात. मी बेधडक सांगितले, की उजवी अख्खी डावीकडे नि डावी अख्खी उजवीकडे, फुगडीतल्या हातांसारखी. दोघे परीक्षक इतके हसले, की एकाचा चष्मा चहात पडला. ऑक्टोबरात पुन्हा बसायचे आहे. तेव्हाही नापास झाले तर कॉलेज बंद आणि तळेगावचे स्थळ पक्के, असे बाबांनी बजावले आहे. त्या मुलाला मी एका डोळ्यानेही पाहिलेले नाही!

आशीर्वादाबरोबर थोडी अक्कलही पाठवावी.

तुझी मालन

लोणावळा, १४ ऑगस्ट १९६३

चि. मालन हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

मुलीचे शिक्षण म्हणजे काय चिक्की आहे, दाताला चिकटली म्हणून थुंकून टाकायला? तुझ्या बापाला हेच लिहिले आहे. आता अभ्यास.

मारुती खाटकाकडून बोकडाचा डोळा आणवला. झुंबरबाई भांडी टाकून अंगणात पळाली आणि तिथून ओरडली, की अवो बाई, शिरावनात असलं घरात आनलं, म्या आत पाऊल टाकायची न्हाई. मग खिडकीतून सगळे पाहिले. बाहुलीमागचे भिंग बोराएवढे. मेणबत्तीसमोर धरले, तर ज्योत उलटी! बोकड उलटं बघतं व्हय, असे तिने विचारले. मी म्हटले, की तूही. मेंदू ते सुलटे करून घेतो. तेव्हापासून ती मान वाकडी करून केर काढते आहे. आतला पडदा ओल्या कागदासारखा सुटतो, फक्त नस निघते तिथे चिकटून राहतो.

आता तुझी चूक. काल शेजारच्या सुनेची मंगळागौर होती. फुगड्या थांबवून दोघींना शेजारी उभे केले, ते डोळे. आणखी दोघी मागे बसल्या, तो मेंदू. डोळ्यांच्या दोन्ही हातांत फिती दिल्या. कानाकडच्या हातातली फीत आपल्याच बाजूला मागे, नाकाकडच्या हातातली पलीकडे. अर्धीच ओलांडते, बाई! भिंगामुळे चित्र उलटते नि उजवीकडचे डोळ्याच्या डाव्या बाजूला पडते, म्हणून उजवीकडचे जग दोन्ही डोळ्यांतून डाव्या मेंदूत जाते. आणि पाहायची जागा थेट डोक्याच्या मागे. आम्हा शिक्षिकांना ते आधीपासूनच ठाऊक होते.

तेवढ्यात तुझा बाप देहूरोडहून भांडायला आला. उजवा डोळा नेमका पान खायला गेला होता. त्या जागी तुझ्या बापालाच उभे केले. बायका हसून लोळल्या, तो कानापर्यंत लाल झाला, पण फीत सोडली नाही.

अभ्यास कर, नाहीतर मी पुण्याला येईन.

तुझी आत्या

देहूरोड, १९ ऑक्टोबर १९६३

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

मालन पास! तिने वेणीच्या फिती कापून चार केल्या आणि दोन्ही परीक्षकांनाच डोळे केले. मी दाराच्या फटीतून पाहत होतो. थोरल्या साहेबांनी भलताच हात पलीकडे नेला. मला राहवले नाही. दार लोटून सांगितले, की नाकाकडचा, साहेब, नाकाकडचा! मला हाकलले, मालनला पास केले.

तळेगावला नकार स्वतः देऊन आलो. मुलाचे वडील म्हणाले, की मुलगी एवढे शिकून करणार काय? मी दोघा बापलेकांना शेजारी उभे करून हातांत फिती दिल्या.

अजून धरून उभे असतील.

लोभ आहेच, पुढल्या मंगळागौरीला मात्र बोलावू नये.

तुझा श्रीपती